ओल्या केसांची सून

“समुद्र कुठाय?” अपानं विचारलं.

हातातली काठी तिनं समोरच्या खडकावर आपटली. खडक कोरडा ठणठणीत होता. वाळलेल्या शिंपल्यांचा थर पायाखाली करकरत होता आणि मधोमध एक लोखंडी शिडी उभी होती. तिची शेवटची पायरी जमिनीपासून हातभर वर होती. चार वर्षांपूर्वी याच शिडीवरून लोक पाण्यात उतरत.

उल्बोसिननं समोर बोट दाखवलं. पाणी होतं, पण पार पलीकडे, शंभरेक पावलांवर, आणि तिथंही घोट्याएवढंच.

“नाही, मी आपली विचारतेय,” अपा म्हणाली. “पहिलं ठिकाण म्हणून आणलंस. मला वाटलं, असेल समुद्र, म्हातारीलाच दिसत नसेल. ओरिनबाय, तुला तरी दिसतोय का रे?”

ओरिनबाय अपाचा मुलगा, उल्बोसिनचा नवरा. गेली चौतीस वर्षं तो या दोघींच्या मधे उभा होता, आणि मधे उभं राहणाऱ्यानं जे करायचं तेच त्यानं आताही केलं. गाडीच्या टपावरची ट्रकची ट्यूब नीट बांधली आहे ना, ते बघायला निघून गेला.

प्रकरण असं होतं. पर्यटन कचेरीला अक्ताऊ या आमच्या शहराच्या किनाऱ्यावर एक मोठा फलक लावायचा होता: शहराजवळ स्नॉर्कलिंगला जायच्या चांगल्या जागा. कचेरीतली मुलगी चार ठिकाणी चौकशी करून शेवटी उल्बोसिनकडे आली. तळ सगळ्यात जास्त हिलाच माहीत, असं चारही ठिकाणी तिला सांगितलं होतं. उल्बोसिन तीस वर्षं जलतरण तलावावर पोरांना पोहायला शिकवून यंदाच निवृत्त झाली होती, आणि सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना मास्क आणि नळी लावून समुद्राचा तळ दाखवत होती. फलकावर जागांच्या खाली तिचं नाव येणार होतं, वाटाड्या म्हणून. सोमवारी फक्त हो म्हणायचं होतं.

पण आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं तळवे उघडून बाता दिल्याशिवाय, म्हणजे आशीर्वाद दिल्याशिवाय, कोणी साधी गाडी घेत नाही. आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे अपा, वय वर्षं एकोणऐंशी.

“तिला विचारायचंच कशाला?” ओरिनबाय म्हणाला होता. “फलक लागला की लागला. ती कुठं वाचायला जातेय?”

“मला विचारायचंय,” उल्बोसिन म्हणाली.

अपानं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला, आणि म्हणाली, “जे पाणी उकळून, वाफ करून मग प्यावं लागतं, त्यात माणसं डोकं घालतात, आणि त्याचा आता फलक? आधी मला दाखव काय आहे ते. एक दिवस देते. दिसलं तर बाता देईन. नाही दिसलं, तर आमच्या घराण्याचं नाव त्या फलकावर जायचं नाही. एकदा छापून आलं तेवढं पुरे झालं.”

ते ‘एकदा’ उल्बोसिनच्या काळजात अजून रुतून होतं. लग्नाआधी ती पाणबुड्यांच्या क्लबात होती. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, देशही वेगळा होता. स्पर्धेत ती पहिली आली आणि जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला: पोहायचा पोशाख, गळ्यात पदक, केसांतून पाणी ठिबकतंय. पुढच्या वर्षी लग्न. नव्या नवरीच्या तोंडावरचा पडदा गाणारा काठीनं उचलतो तेव्हा सासरचा एकेक माणूस तिचं मुख पाहून कोरिमदिक जाहीर करतो. पहिल्यांदा पाहिलेल्या गोष्टीची ही भेट. कोणी मेंढी दिली, कोणी गालिचा. सासूची पाळी आली तेव्हा अपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे तोंड अख्ख्या जिल्ह्यानं दोन कोपेकांच्या पेपरात पाहिलंय. मी आणखी काय द्यायचं?”

मांडव हसला. अर्धवट उचललेल्या पडद्याआड उल्बोसिनही हसली, दुसरं काय करणार? सासूनं नव्या सुनेच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायचा असतो. तो एका चुलत सासूनं बांधला. तेव्हापासून अपानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. इमारतीखालच्या बाकावर म्हाताऱ्यांचा अड्डा जमे तिथं ती ‘आमची ओल्या केसांची’ होती. कामावरून येताना केस ओले असतच, त्यामुळे बोलायलाही जागा नव्हती.

दुसरं ठिकाण शहराच्या कड्याखालचं होतं. तिथं पाणी होतं, भरपूर होतं. पण वायव्येचा वारा सुटला होता आणि लाटांनी तळ ढवळून काढला होता. पाणी नुसतं हिरवं-पांढरं दिसत होतं.

अपा काठावर वाकली. “यात तोंड घालायचं?”

“आज वारा आहे, अपा. एरवी इथं—”

“एरवी. मी माळावर वाढलेली बाई आहे. एरवी चारा असतो म्हणून कोणी आज जनावर बाहेर काढत नाही.” ती सरळ झाली. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “चल रे ओरिनबाय. जेवायच्या वेळेला घरी पोचू. सोमवारी त्या पोरीला सांग, सासूनं पाहिलं, काही दिसलं नाही.”

ओरिनबायनं बायकोकडे पाहिलं. उल्बोसिन पाण्याकडे पाहत उभी होती. तिच्या यादीत तीन जागा आणखी होत्या, पण तिन्ही वायव्येकडे तोंड करून. तिथं जाऊन हसं करून घेण्यात अर्थ नव्हता. तिला रडू येत होतं, आणि सत्तावन्नाव्या वर्षी या कारणासाठी रडू येतंय याचा रागही येत होता.

मग तिला काळी कपार आठवली.

ती यादीत नव्हतीच. भूशिराच्या पलीकडे, दक्षिणेला तोंड करून एक छोटी खाडी होती. वायव्येचा वारा तिथं पोचत नाही. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, घरात धुसफूस वाढली की उल्बोसिन तिथं एकटी जायची आणि श्वास रोखून बुडी मारायची. तळाशी काळ्या खडकाची लांब कपार होती. पण ती तीन पुरुष खोल होती. तिथं पोचायला तिच्यासारखी बुडी मारणाऱ्याची छाती लागायची, वरून काही दिसत नसे. म्हणून तिनं कोणालाच कधी ती सांगितली नव्हती, आणि पंचवीस वर्षांत स्वतःही गेली नव्हती.

पण तेव्हा समुद्र चढलेला होता. नंतर तो वर्षानुवर्षं उतरत गेला. मघाशी शिडीचे पाय उघडे पडलेले तिनं पाहिले होते. शिडीखालचं पाणी गेलं तसं खाडीतलंही गेलं असणार. मग कपार कुठं आली असेल?

“अपा,” ती म्हणाली, “दिवस अजून संपला नाही.”

अपानं सूर्याकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “नाही संपला,” ती नाइलाजानं म्हणाली.

कच्च्या रस्त्यानं पाऊण तास गेला. खाडीवर दोन माणसं गळ टाकून बसली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. पाणी आरशासारखं स्थिर होतं. उल्बोसिननं मास्क चढवला, दोघांना किनाऱ्यावर ठेवलं आणि आधी एकटी आत शिरली. वीस हात पोहून गेली, तोंड खाली केलं, आणि कपार तिथं होती. पाय सोडले तर टेकतील इतकी वर आलेली. ती पाण्यातच हसली आणि नळीतून पाणी आत जाऊन तिला जोराचा ठसका लागला.

“बुडते की काय?” किनाऱ्यावर अपा म्हणाली.

“ती नाही बुडत,” ओरिनबाय म्हणाला. चौतीस वर्षांत बायकोच्या बाजूनं आईसमोर बोललेलं हे त्याचं बहुधा पहिलं वाक्य होतं.

पुढची अडचण दातांची. नळी तोंडात धरली की अपाची कवळी हलायची. तीनदा प्रयत्न झाला. शेवटी अपानं कवळी काढली, मुलाच्या तळहातावर ठेवली, डोक्याचा पांढरा रुमाल सोडून त्यावर ठेवला, आणि बजावलं, “शांभाल. वाळूत पाडशील.” मग हिरड्यांनी नळी घट्ट आवळली. उल्बोसिननं तिला तलावावरच्या पोरांना शिकवायची तसं शिकवलं: चहा गार करताना फुंकतो तसा हळू श्वास सोडायचा. ट्यूबवर तिला पालथं झोपवलं, चेहरा बरोबर मधल्या भोकात आला, आणि लांब झगा पाण्यावर फुगवत म्हातारी निघाली.

पहिल्यांदा तोंड पाण्यात गेलं तेव्हा अपानं ट्यूबची दोरी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. उल्बोसिन शेजारी पोहत होती, तिची नजर तळावर नव्हतीच, त्या बोटांवर होती. अजून काही नाही. अजून काही नाही. मग ट्यूब कपारीवर आली.

तळाचं लांब गवत एकाच बाजूला झुकत होतं आणि पुन्हा उठत होतं. त्यावरून बोटाएवढ्या चंदेरी माशांचा थवा गेला, शेकडो, एकदम वळला आणि परत आला. खडकाच्या फटीतून एक झिंगा मिशा बाहेर काढून बसला होता. गुबगुबीत मोठ्या डोक्याचा एक मासा दगडावर पोट टेकून वर बघत होता, अगदी बाकावरच्या म्हातारीसारखा. उल्बोसिननं दोरीकडे पाहिलं. बोटं सैल झाली होती. एक हात तर सुटून पाण्यात खाली लोंबत होता.

तेवढ्यात कपारीतून साप निघाला. आमच्या समुद्रात हे पाणसाप असतातच, कोणाला काही करत नाहीत, पण पहिल्यांदा पाहणारा माणूस किंचाळतोच. तो सरळ अपाच्या चेहऱ्याखालून निघाला. उल्बोसिननं ट्यूब धरली, ती आता किनाऱ्याकडे ओढणारच, तेवढ्यात तिच्या हातावर चापट बसली. अपानं मान वर न करताच मारली होती. नळीतून काहीतरी लांबलचक घुमलं. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. मुकाट्यानं राहा.

पाच मिनिटं ठरली होती. सूर्य कलला तरी अपा निघेना. ट्यूब किनाऱ्याकडे वळवली की चापट बसायची.

बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि कपाळावर मास्कचा गोल उमटला होता. ओरिनबाय टॉवेल घेऊन धावला. तिनं टॉवेल घेतला नाही, हात पुढे केला.

“आधी दात दे.”

कवळी तिनं नीट बसवली. गळ टाकून बसलेल्या दोघांनाही अपानं काठीनं खुणावून जवळ बोलावलं. साक्षीला माणसं लागतात.

“कळप होता,” ती म्हणाली. “वसंतात आमच्या माळावर असतं तसं गवत, आणि कळप. राखायला कोणी नाही, तरी एक जनावर चुकलं नाही. साप आला. घरात आला असता तर दूध शिंपडून वाट दाखवली असती. पण मीच त्याच्या घरी गेले होते, म्हणून गप्प राहिले.” मग ती सुनेकडे वळली. “हे तू किती वर्षं बघतेयस?”

“पहिल्यापासून, अपा.”

“आणि मला आज दाखवतेस?”

अपानं उत्तराची वाट पाहिली नाही. ती ताठ उभी राहिली, झग्यातून पाणी निथळत होतं, आणि लग्नाच्या मांडवात बोलली होती त्याच आवाजात बोलली, खाडीभर ऐकू जाईल असं.

“कोरिमदिक. शेतपे गावात भाच्याकडे माझी पांढरी सांडणी आहे. ती दिली. पिल्लासकट.”

“ताई, समुद्राला सांडणी कशाला?” गळवाल्यांतला एक जण म्हणाला.

“समुद्राला कोण देतंय? सुनेला देतेय. हिचं तोंड मी आज पाहिलं.”

मग तिनं तळवे उघडले. ओरिनबायनं उघडले, गळवाल्यांनी माशांच्या वासाचे उघडले. बाता लांब होती. काम वाढो, वाट चुकलेल्याला वाट दाखवणारी होवो, समुद्र आणखी न जावो. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. उल्बोसिननं जरा जास्त वेळ फिरवले, कारण ती रडत होती. मुलाच्या हातातला कोरडा पांढरा रुमाल अपानं उचलला, सुनेच्या डोक्यावर टाकला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली. एवढी घट्ट की कान दुखले.

परतताना अपा पुढच्या सीटवर बसली. खिडकी तिनं पूर्ण खाली करायला लावली. शहरात शिरल्यावर ओरिनबाय म्हणाला, “अपा, डोक्याला काहीतरी घे. सर्दी होईल.”

“होऊ दे.”

इमारतीपाशी ती घरात गेलीच नाही. काठी टेकत बाकाकडे गेली, म्हाताऱ्यांना सरकायला लावलं आणि मधे जाऊन बसली. पांढरे केस पाठीवर मोकळे, अजून ओले.

उल्बोसिन तिसऱ्या मजल्यावर सज्जात अपाचा दुसरा झगा आणि टॉवेल काढत होती. खालून शेजारणीचा आवाज आला, “अगं, तुझे केस ओले?”

“मग? समुद्राला जाऊन आले,” अपा म्हणाली. “उल्बोसिननं नेलं. फलक लागणार आहे तिच्या नावाचा. नाव बाहेरच्यांना जमणार नाही, त्या कचेरीतल्या पोरीला मी स्वतः सांगणार आहे. उल्बोसिन.”

सज्जात उल्बोसिन टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. टॉवेल खाली नेऊन द्यायचा होता. पण अपा केस वाळवायच्या घाईत दिसत नव्हती, म्हणून तिनं तो परत दोरीवर टाकला.