म्हाकुळातलं कॅडमियम

लॅब सांभाळणाऱ्या मनस्विनीने त्या मशीनसाठी मालकांचं, यज्ञेशसरांचं, डोकं खाल्लं होतं. रत्नागिरीतल्या त्यांच्या कारखान्यातून साफ केलेली म्हाकुळं, म्हणजे स्क्विड, युरोपला जायची. पूर्वी धातूंच्या तपासणीला एखाददुसरा नमुना मुंबईला पाठवला की भागायचं. आता गिऱ्हाइकं प्रत्येक लॉटचा रिपोर्ट मागू लागली होती.

शेवटी मशीन आलं. पुण्याच्या कंपनीच्या हर्षदने ते बसवून दिलं. नमुना विरघळवून ज्वाळेत फवारायचा; त्यातला धातू प्रकाश किती गिळतो, त्यावरून त्याचं प्रमाण कळतं.

"आता बाजार तुमच्या हातात, मॅडम," तो म्हणाला. मनस्विनीने पेढे वाटले, साफसफाईच्या शेडमधल्या बायकांनाही.

पहिल्याच लॉटमध्ये कॅडमियम हा विषारी धातू युरोपच्या मर्यादेच्या वर निघाला. तिने ॲसिड बदललं, सगळं पुन्हा केलं, हर्षदला बोलावलं.

"मशीन बरोबर आहे," तो हळूच म्हणाला.

कॅडमियम म्हाकुळाच्या यकृतात साठतं आणि माल शिळा होऊ लागला की तिथून मांसात उतरतं. म्हणून तिने बोटवाल्यांना बर्फ वाढवायला लावलं, बायकांना माल उतरताच पोटं काढायला सांगितलं. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. दोन गिऱ्हाइकं गेली. यज्ञेशसर चिडलेसुद्धा नाहीत. म्हाकुळांचं काम बंद केलं आणि शेडमधल्या बायकांना घरी पाठवलं.

आठवड्याने त्यांच्यातली भागूबाई पूर्णगडहून आली. लॅबच्या दारात चपला काढून उभी राहिली. हातात म्हाकुळांची पिशवी.

"बाय, माझ्या लेकाच्या, रघूच्या बोटीची हायत. आजची. मीच साफ केलीत. एकदा लावून बघ ना गो मशीनला."

नाही म्हणणं मनस्विनीच्या जिवावर आलं. नमुना तयार होईस्तोवर भागूबाई बाहेर पायरीवर बसून राहिली. दुपारी आकडा आला.

"थोडंसं जास्तच आहे, मावशी."

"थोडंसंच ना? मग तेवढं कमी लिवता नाय येत?"

"नाही हो."

"तू लिवलंस तर आमी सगळ्या परत येऊ."

मनस्विनीने आकडा होता तसाच वहीत लिहिला. भागूबाईने उरलेली म्हाकुळं पिशवीत भरली. दारात थांबली.

"आमी तर जल्मभर हीच खाल्ली. रघूची पोरं पन खातात. आमाला चालतात ना गो?"

परदेशातल्या ताटांसाठी ठरलेली मर्यादा मनस्विनीला तोंडपाठ होती. रघूच्या पोरांच्या ताटातलं आजवर कुणी मोजलं नव्हतं.

एसटीची वेळ झाली होती. भागूबाई पिशवी घेऊन बंद शेडवरून निघाली.