झाकणावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी ऊबपेटी आहे. प्रयोगशाळेतली माणसं मला इनक्युबेटर म्हणतात, पण तिथल्या मुख्य बाई ऊबपेटीच म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणते. दिसायला मी लहानशा फ्रिजसारखी, काम मात्र अगदी उलटं. माझ्या पोटात अंधार, ओलावा आणि माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब असते. बाहेरच्या थंडीवाऱ्याचं मला सोयरसुतक नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या दाराला रबर बसवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "हिच्यात अंडी उबवणार का गं?" शेजारीण म्हणाली, "छे, दवाखान्याचं काहीतरी असेल." दोघीही थोड्या बरोबर होत्या, थोड्या चूक.

माझ्या कप्प्यांवर चपट्या, पारदर्शक बशा ठेवतात. त्यांत गुलाबी पाण्यात जिवंत पेशी वाढतात. पेशी म्हणजे आपलं शरीर ज्यांचं बनलं आहे ते बारीक कण. त्यांनाही भूक लागते. रोज जुनं पाणी काढून नवं घालावं लागतं. सुट्टी, लग्न, ताप यांतलं काही त्यांना समजत नाही. एका बशीत फार गर्दी झाली, की त्यांना नव्या बशीत हलवायचं आणि नव्या झाकणावर हलवणाऱ्याने आपलं नाव लिहायचं, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. बुरशी आली तर कान कुणाचा धरायचा ते कळावं, एवढाच त्यामागचा हेतू.

प्रयोगशाळा बाईंच्या हाताखाली चाले. तिथे एक तरुण संशोधिका होती, तिला सगळे धाकटी म्हणत. ज्यांचं हृदय जन्मापासून दुबळं आहे अशा माणसांच्या कातडीचा कणभर तुकडा घेऊन ती त्यापासून हृदयाच्या पेशी घडवत असे. त्या बशीत धडधडत. हे जमायला तिला फार काळ लागला होता. पुष्कळ बशा मेल्या, ती पुन्हा बसली.

मग धाकटीला दिवस गेले. सुट्टीवर जाण्याआधी ती माझं दार उघडून उभी राहिली.

"बाई, रविवारी विसरणार नाही ना कुणी?"

"तू तुझ्या पोटाकडे बघ," बाई माझ्यावर थाप मारून म्हणाल्या, "या पोटाकडे आम्ही बघतो."

आणि त्यांनी बघितलं. बहुतेक काम उंच्या करी. तो धाकटीचा सहकारी, ताडमाड, पण हात सुईत दोरा ओवावा इतका स्थिर. तो पेशींना जेवण देई, गर्दी झाली की हलवी आणि रीतीप्रमाणे झाकणावर आपलं नाव लिही. जुनी झाकणं कचऱ्यात जात. होता होता धाकटीच्या नावाचं एकही झाकण माझ्या पोटात उरलं नाही. कुणाच्या मनात पाप नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते विभागप्रमुखांच्या. पुढच्या वर्षी कोणतं काम कुणाकडे, हे ठरवायला ते आले होते. त्यांनी माझं दार उघडलं आणि वाकून झाकणं वाचली.

"बाई, हे बघा. सगळीकडे उंच्याचं नाव. करतोय हा, तर काम याच्याच नावावर करू. ज्याच्या हाती ससा तो पारधी."

"सर, ससा पाळला कुणी ते आधी विचारा."

"ती आल्यावर देऊ काहीतरी सोपंसं. घरात लहान मूल, तिलाही बरंच पडेल."

"सोपं तिने मागितलंय का?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

मित्रांनो, धाकटीची नेमणूक या एकाच कामासाठी होती. ते दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं, तर तिची जागाही गेली असती. ती तेव्हा घरी बाळाला मांडीवर घेऊन बसली असेल. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाईंनी शेजारी उभ्या असलेल्या उंच्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. उंच्या खाली बघत राहिला. त्याची चलबिचल मला समजण्यासारखी होती. त्याचं स्वतःचं काम रखडलं होतं आणि हे तर तयार होऊन हातात आलं होतं. इकडे माझं दार सताड उघडं. ऊब जाऊ लागली की मी कोकलते, तशी कोकलायला लागले.

"अरे, ते दार लावा कुणीतरी!" साहेब कावले.

उंच्याने दार लावलं. हात मुठीवरून काढला नाही.

"सर, बुरशी आली असती तर शिव्या मी खाल्ल्या असत्या. नाव त्यासाठी आहे. पेशी तिच्या आहेत, मी नुसता वाढपी."

"मग झाकणावर तसं लिहा ना! मला काय स्वप्न पडतं?" साहेब तणतणत गेले. पण काम धाकटीच्याच नावावर राहिलं.

मग उंच्याने बाईंना विचारलं, "तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"माझ्या वेळी मी बोलले होते रे," बाई म्हणाल्या. "मुलगी झाली, परत आले, तर माझ्या बशा दुसऱ्याच्या झालेल्या. पुष्कळ बोलले. बाईने आपलं मागितलं, की ती भांडखोर. या वेळी दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं होतं."

त्या दिवशी रीत बदलली. वर ठळक अक्षरात जिचं काम तिचं नाव, खाली बारीक अक्षरात हात लावणाऱ्याचं.

धाकटी परत आली तेव्हा बाळ आजीकडे ठेवून आली होती. तिने झाकणं पाहिली.

"नाव माझं, पण अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय."

"आभार मानायचे सोडून अक्षराला नावं ठेव," उंच्या म्हणाला. ती हसली आणि पाठ फिरवून डोळे पुसत सूक्ष्मदर्शकाकडे गेली.

नंतर अनेकजणी सुट्टीवर गेल्या आणि परत आल्या. कुणाला बाळ झालं होतं, कुणाचे वडील अंथरुणाला खिळले होते. बाईंचे केस पांढरे झाले. मग एके सकाळी माझं दार उघडणारा हात बाईंचा नव्हता. बाईंचा हात पुन्हा आलाच नाही. त्यांची मुलगी त्यांचा पांढरा कोट न्यायला आली.

"आई रविवारी इथे काय करायची?" तिने विचारलं. "घरी नुसती म्हणायची, जरा जाऊन येते."

"कुणाकुणाच्या पेशींना जेवण घालायच्या," धाकटी म्हणाली. "स्वतःच्या क्वचितच."

मुलीने कोटाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

आता माझं रबर सैल झालं आहे. ऊब टिकत नाही. मला बोळकंडीत उभं केलं आहे आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके रचले आहेत. माझ्या जागी नवी पेटी आली, ती माझ्यापेक्षा हळू आवाजात कोकलते म्हणे. माझी तक्रार नाही. यंत्र थकतं, बदललं जातं.

पण माणसं यंत्रं नाहीत. ती काही दिवस दूर जातात आणि परत येतात. मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण काही दिवस शाळेत आली नाही, तर वर्गाच्या खिडकीतल्या तिच्या कुंडीला पाणी घाला. तुम्ही पाणी घातलंत म्हणून ते रोप तुमचं होत नाही. आणि कळी उमलली, की तिच्या घरी जा, दारातूनच हाक मारा आणि सांगा, "अगं, तुझं फूल आलंय."