पेपर वाचायचा मान

जयंतीच्या दिवशी आमच्या विहारात वादविवाद होता. जो जिंकन, तो वर्षभर संध्याकाळी साऱ्या वस्तीले पेपर वाचून दाखवन. दोन वर्षं हा मान ललितानंच दाबून ठेवला होता. ललिता म्हंजे आमच्या शेजारच्या इंद्रभानकाकाची पोरगी. काका रिसोडले कचेरीत कारकून, पोरगी रोज येष्टीनं वाशीमले दहावीत जाये. आन मी सातवीतून सुटली, गिट्टी फोडून राह्यली. तिची इस्तरीची ओढनी पाह्यली का माह्या पोटात आग पडे.

ग्यानबा गुरुजीनं विषय सांगितला, "सरकारनं खर्च आखडला, बाजार मोकळा सोडला, तं हुकूमशाहीले वाट भेटते का?" आन लगेच म्हने, "गोष्ट चिली नावाच्या दूरच्या देशाची हाय बरं, तिथं फौजेचं राज्य हाय. आपली नाही."

आणीबाणी होती. मागं पोलीस पाटील बसला होता.

ललिता उठली. "बाजारात कोनी कोनाले हुकूम देत नाही. पटलं तं घ्या, नाही तं पुढं चाला. हुकूम देते ते सरकार. सरकार जेवढं लहान, तेवढा हुकूम लहान."

टाळ्या. काका तं खुर्चीवरून अर्धा उठला.

मी म्हटलं, "काय वं ललिते, बैलबाजारात गेली कधी? दलाल रुमालाखाली बोटं दाबते. भाव तिथं ठरते, बैलवाला नुसता तोंड पाह्यते. हे तुहं मोकळं?" लोक हासले. "आन वरून पैसा कमी आला म्हनून ठेकेदारानं आमची रोजी कापली. बाया हातोडे टाकून बसल्या, तं दुसऱ्या दिवशी शिपाई उभे. पोट कापाचं असन तं आधी तोंड बांधा लागते."



ललिता म्हने, "शिपाई सरकारचेच होते ना? बाजाराचे नाही. मंग माहंच खरं."

"वा पोरी!" गुरुजी म्हने.

त्या 'वा'नं माहं डोस्कं फिरलं. "तुह्या बापालेच इचार! सरकारनं त्याचा अर्धा महागाईभत्ता अडकवून ठेवला, संप करता येत नाही, म्हनून चुलीपाशी बसून सरकारले शिव्या देते. इथं काहून गप हाय तो?"

पोलीस पाटलानं मान वर केली. काकानं खाली घातली.

"बाबा असं कधीच बोलले नाही," ललिता म्हने. "भागी खोटं बोलून राह्यली. माह्यावर जळते."

"काय वं पोरी?" पाटलानं मले इचारलं. "खरं का खोटं?"

भेवानं पोरगी साऱ्याइदेखत खोटं बोलली. पोट कापलं का तोंड बांधलं जाते, हेच तं माहं म्हननं होतं. खरं म्हटलं असतं, तं जिंकली असती मी. पन काका गेला असता आत.

"खोटं," मी म्हटलं. "जळून राह्यली मी तिच्यावर."

गुरुजीनं पेपर ललिताले देला. ती उभ्यानं वाचाले लागली. देशात सारं शांत हाय, म्हने. डोळे पान्यानं भरले होते तिचे. एका शब्दाले तरी अडखळन म्हनून मी कान लावून बसली.

नाही अडखळली.