धनेशाची ढोली

सासूचे गुडघे चोळायला म्हणून लोहाराच्या बायकोनं कोनाड्यातली नवी बाटली उघडली आणि ओशट वास नाकात शिरताच तिचा हात थांबला. म्हातारी मात्र खुशीत होती. धाकट्यानं आणलंय म्हणाली, धनेश पाखराचं तेल. दुखणं पार पळवून लावतं म्हणे.

लोहारणीनं बाटलीचं बूच परत लावलं. रानातल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसलेली. मादी आत शिरते, चिखलानं तोंड लिंपून घेते, चोच मावेल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईतो तिला नरानं आणून भरवायचं. गावाचा रानराखणीचा गट त्या झाडाखाली पाळीपाळीनं बसायचा. लोहारीण त्या गटात होती, आणि तिचा हा धाकटा दीर तर गटाचा म्होरक्या. परवापासून नर फिरकला नव्हता.

तिनं दिराला भात्यामागे गाठलं. त्यानं नाकारलं नाही.

"आईचं कण्हणं तुला ऐकू येत नव्हतं का, वहिनी? एका पाखरानं रान ओस पडत नाही."

"एक कुठं? आत बसलेत त्यांना कोण भरवणार?"

"गटात बोललीस तर या घरात तुझं कोण राहतं ते बघ."

त्याच दुपारी ती गटात बोलली. आधी कुणाला पटेना. घरातलं भांडण रानात आणलं म्हणून बायका कुजबुजल्या. मग तिनं पदराखालची बाटली काढून सगळ्यांसमोर ठेवली. दिराला गटातून काढलं. घरी सासूनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं आणि दीर वेगळी चूल मांडायची भाषा करू लागला. पण सकाळी दाराशी एक लांब बांबू उभा दिसला, शेंड्याला नवी कोरी लोखंडी पळी ठोकलेली. नवरा पाठ फिरवून भाता ओढत होता.

ढोली फार उंच नव्हती. पळीत उंबरं भरून ती फटीशी धरायची. मादी आधी आत सरकली; संध्याकाळी भुकेनं चोच बाहेर आली. सुरुवातीला गटातल्या बायकाही हात लावायला यायच्या. मग काढणीची कामं निघाली आणि एकेक गळत गेली. हिचे खांदे भरून यायचे, मान ताठायची. नर कुठल्या कुठल्या झाडांवरून काय काय आणायचा, तेवढं हिच्यानं कुठून व्हावं?

एका सकाळी झाडाखाली इवलं पिल्लू पडलेलं दिसलं, मादीनं फटीतून बाहेर ढकललेलं. अंगावर पीस नाही, डोळ्यांना मुंग्या लागलेल्या. तिनं हातानंच माती उकरली, त्याला झाकलं आणि तिथंच बसून राहिली.

मागं पाचोळा वाजला. चढावर सासू येत होती, दर झाडाला टेकत, श्वास घेत. जवळ येऊन तिनं ओली माती पाहिली.

"मेलं?"

"एक. अजून एक असावं आत."

लेकाचं नाव म्हातारीनं काढलं नाही. मग वाकायला जमेना म्हणून पायानंच तिनं बांबू सुनेकडे ढकलला.

"उचल. बुडाला मी धरते."

बांबू वर गेला. फटीत बराच वेळ काहीच हललं नाही. दोघी तशाच धरून उभ्या राहिल्या.