विहिरीतून रस्ता

कोल्हारच्या नूरुद्दीननं शेतरस्त्याचा दावा जिंकला आणि खरा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्याची डाळिंबाची बाग मच्छिंद्राच्या वावरामागं. मच्छिंद्रानं पूर्वेच्या बांधावर काट्या टाकून त्याची वाट अडवली, आणि चार वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा पडल्या. शेवटी निकाल लागला, वाट खुली करा. नूरुद्दीननं गावभर पेढे वाटले. एक मच्छिंद्राकडंही धाडला, पण तो काही चांगुलपणानं नव्हे.

वाट मोकळी करून द्यायला बेलिफ आले. त्यांनी हुकूमनामा वाचला, चष्मा पुसून परत वाचला, मग पूर्वेकडं पाठ करून सरळ पश्चिमेला चालत गेले आणि विहिरीच्या काठाशी थांबले.

"इथून."

"इथून काय?" नूरुद्दीननं विचारलं.

"रस्ता. 'पश्चिमेच्या बांधावरून' असं लिहिलंय. मला दिशा बदलता येत नाही."

पश्चिमेच्या बांधाला खेटून मच्छिंद्राची पन्नास फूट खोल विहीर. मच्छिंद्र आधी भांबावला, मग त्याचा चेहरा उजळला. "घाला की टेम्पो, नूरुभाई! कोर्टाचा हुकूम हाय. मी न्हाई आडवायचो."

त्या दिवसापासून तो रोज सकाळी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि नूरुद्दीन दिसला की मोठ्यानं विचारायचा, "शिकला का टेम्पो पवायला?" टपरी खदाखदा हसायची.

दीड महिना हे ऐकून नूरुद्दीनचं डोकं फिरलं. त्यानं ठरवलं, अपील करायचं. हायकोर्ट, आणि वेळ पडली तर दिल्ली. त्यानं इस्त्रीचा सदरा काढला, कागद पिशवीत भरले.

सरवरी, त्याची बायको, शेंगा फोडत म्हणाली, "दिल्लीच्या आधी वकीलबाईंकडं जाऊन या. तिथवर एसटी जाते."

दमयंतीबाई तीस वर्षं वकिली करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अपील कसलं, नूरुभाई? अपील हरलेल्यानं करायचं. तुम्ही जिंकलात."

"जिंकलो म्हनूनच विहिरीत चाललोय, बाई!"

बाईंनी निकालपत्र उघडलं. त्यात 'पूर्व' असं स्वच्छ लिहिलेलं. त्यावरून हुकूमनामा टाइप करताना कुणाच्या तरी हातून 'पश्चिम' झालं होतं. "ही लिहिण्यातली चूक. त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. दीड पान पुरे."

नूरुद्दीन हिरमुसला. एवढ्या अपमानाला दीड पान? "तीन तरी करा," तो म्हणाला.

सुनावणीला जज्जसाहेबांनी मच्छिंद्राला विचारलं, "दुरुस्तीला हरकत आहे?"

त्याच्या वकिलानं कोपर मारलं, तरी मच्छिंद्र हात जोडून उभा राहिला. "साहेब, हुकूम जसा हाय तसा मला मान्य हाय."

"विहिरीतून रस्ता मान्य आहे?"

"कोर्टाम्होरं आमी कोन बोलनार?"

जज्जसाहेबांनी फाइल तोंडाशी धरली. ती खाली आली तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. 'पश्चिम'च्या जागी 'पूर्व' करण्याचा आदेश झाला.

बाहेर एसटीची वाट बघत नूरुद्दीन बाकावर बसला, तर मच्छिंद्र तोंड पाडून शेजारी येऊन टेकला.

"नूरुभाई, मला मूळ निकालावर जिल्हा कोर्टात अपील करता आलं आसतं. तीस दिवसांत. वकील आत्ता वरडला माझ्यावर."

"मग केलं का न्हाई?"

"कशाला करू? विहिरीचा हुकूम लई ग्वाड लागत हुता. तीस दिवस टपरीवरच गेले. आता उशीर माफ करायचा अर्ज द्या म्हनतो, पन उशिराचं कारन लिहा म्हनतो. काय लिहू?"

नूरुद्दीनला नको नको म्हणताना त्याची दया आली. "आजारी हुतो म्हन."

"समद्या गावानं मला रोज हसताना पायलंय. खोटं लिहिलं तर तुमी साक्षीदार आनाल."

"आनीन," नूरुद्दीननं कबूल केलं.

आधी मच्छिंद्र हसला. नूरुद्दीननं जरा वेळ दम धरला, मग त्यालाही आवरेना. एक एसटी तशीच निघून गेली.

मच्छिंद्रानं अर्ज काही केला नाही. पुढच्या आठवड्यात काट्या त्यानंच उचलल्या. डाळिंबाचे क्रेट भरून पहिला टेम्पो पूर्वेच्या बांधावर आला. नूरुद्दीन छाती काढून स्टिअरिंगवर, शेजारी सरवरी. चार वर्षं तो या घटकेची वाट बघत होता. पण टेम्पोपुढं मच्छिंद्र उलटा चालत दोन्ही हातांनी इशारे करत होता, "डावीकडं घ्या! आरं डावीकडं! माझी मेथी हाय तिथं!"

जिंकलेला नूरुद्दीन बांध संपेपर्यंत त्याच्या हुकमानं स्टिअरिंग फिरवत राहिला. सरवरी ओढणी तोंडाशी धरून दुसरीकडं बघत होती.