एकशे बहात्तरसाठी काढलेली पाटी

मी पत्र्याची पाटी आहे. माझ्यावर एके काळी काळ्या रंगात 'दोन' असा आकडा होता. आता तो नीट दिसत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. पत्रेवाल्याने डबा उभा चिरला, ठोकून सपाट केला आणि त्यातून आम्हा बहिणी निघाल्या. रंगाऱ्याने आमच्यावर आकडे काढले. माझ्या वेळी त्याला शिंक आली आणि माझ्या दोनची मान जरा लांबली. "चालेल, लांबून कोण बघतंय!" असं म्हणून त्याने मला उन्हात वाळत ठेवलं.

तिथून मी मैदानावर आले. मैदानाच्या एका टोकाला लाकडी धावफलक होता. त्याच्या मागच्या बाजूला एक फळी होती, आणि फळीवर मावशी बसायच्या. पाट्या टांगायचं काम त्यांचं. एरवी त्या मैदानाच्या कार्यालयात सामानाची कोठी सांभाळत. सगळे त्यांना पाटीवाल्या मावशी म्हणत. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नाही.

फळ्यांच्या फटींतून ऊन आत यायचं. दुपारी त्या पिवळ्या पट्ट्यांत धूळ इतकी सावकाश तरंगायची, की वेळ पुढे जातोय की नाही ते कळायचं नाही. दोन षटकांच्या मधे मावशी आमच्याशी बोलायच्या. आमच्याशी म्हणजे पाट्यांशी. दुसरं होतंच कोण? जुन्या खेळाडू बायकांच्या गोष्टी सांगायच्या. एक जण उसन्या बॅटने खेळली आणि जेवणाच्या सुट्टीआधी शतक ठोकून बॅट परत करून आली. एक जण सामना वाचवायला दोन दिवस खेळपट्टीवरून हललीच नाही, शेवटी समोरच्या यष्टिरक्षक बाईने तिला विचारलं, "घरी कुणी वाट बघत नाही का गं?" ऐकता ऐकता आम्ही पेंगायचो, आणि त्या बायका पांढऱ्या कपड्यांत आमच्या झोपेत येऊन धावा काढायच्या.

स्वतःबद्दल मावशी कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

त्या वर्षी परदेशी महिला संघ कसोटी खेळायला आला. दुसऱ्या दिवशी आमच्या संघाची सलामीची मुलगी सकाळपासून खेळत होती. अंगाने लहानखुरी, म्हणून मैत्रिणी तिला चिमणी म्हणायच्या. पण चेंडू मारायची तेव्हा सीमारेषेपर्यंत नुसता आवाज जायचा, मग चेंडू.

जेवणानंतर तिने एकशे एकोणसाठावी धाव काढली आणि सगळे उभे राहिले. आपल्या देशाच्या बाईने केलेली सर्वांत मोठी खेळी एकशे अठ्ठावन्नची, असं छापील यादीत होतं. तो विक्रम मोडला होता. मावशींनी नऊची पाटी टांगली. त्यांचा हात खुंटीवर जरा जास्तच वेळ राहिला.

चहापानाला चिमणी एकशे सत्तरवर होती. गडी बाद दोन, म्हणजे मी फलकावरच होते. तेवढ्यात गुणलेखकाने खिडकीतून हाक दिली, "मावशी, पाट्या उतरवा! कर्णधार डाव घोषित करतेय."

मावशींनी पहिली मला काढली, आणि तशाच बसून राहिल्या.

"एकशे सत्तर," त्या पुटपुटल्या. मग आमच्यातल्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "गप्प बसले तर कुणाला कळणार आहे?"

मैदानावर ढगाची सावली आली, पार पलीकडे गेली. मग त्या उठल्या, शिडी उतरल्या आणि भराभर चालू लागल्या. मी हातात आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

खेळाडूंच्या चहाच्या खोलीत कर्णधार चहा पीत होती. पलीकडच्या टेबलाशी पाहुण्या संघाची व्यवस्थापक बिस्किट बुडवत बसली होती. पिकल्या केसांची, उंच बाई. चिमणी कोपऱ्यात पाय पसरून डोळे मिटून पडली होती.

"अगं, डाव एवढ्यात घोषित करू नकोस," मावशी म्हणाल्या. "दोन धावा राहिल्यात."

कर्णधार हसली. "मावशी, विक्रम कधीच मोडला की! तुम्हीच तर पाटी लावलीत."

"यादी चुकलीय. मोठी खेळी एकशे एक्काहत्तरची आहे."

"कुणाची?"

मावशींनी मला छातीशी धरलं. त्यांच्या काळजाचे ठोके माझ्या पत्र्यावर वाजत होते.

"माझी."

खोलीत कुणी तरी कप खाली ठेवला. कर्णधाराने मावशींकडे पाहिलं, पाट्यांचा रंग लागलेल्या बोटांकडे पाहिलं. तिला हसावं की नाही ते कळेना.

"तुम्ही खेळायचात?"

"परदेशात खेळले तो सामना. त्या दौऱ्याचे कागद कार्यालय हलवताना गहाळ झाले. मी दोनदा अर्ज केला, पुरावा आणा म्हणाले. मग सोडून दिलं."

"मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," कर्णधार अवघडून म्हणाली, "पण कशाच्या आधारावर…"

"एकशे एक्काहत्तर," पलीकडून आवाज आला. ती व्यवस्थापक बाई उभी राहिली होती. इथल्या दौऱ्यांवर येऊन येऊन तिला आपली भाषा मोडकीतोडकी यायची. "बरोबर. मला माहीत. बॉल मी टाकत होते."

ती जवळ आली. मावशींचा चेहरा निरखत राहिली, जणू जुना फोटो उजेडात धरून बघतेय.

"पायचीत मी केलं तुला. पण बॉल आधी बॅटला लागला. मला ऐकू आलं. मी बोलले नाही."

मावशींचे डोळे भरून आले, आणि त्या चक्क हसायला लागल्या. "लागला होता ना? घरच्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली! शेवटी नवरा म्हणाला, लागला असेल बाई, पण आता जेवायला वाढ."

त्या बाईला अर्धंच कळलं असेल, पण तीही हसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मधे मी होते. माझी कड दोघींना टोचली असणार.

चिमणी कधी उठून आली कुणाला कळलं नाही. तिने विचारलं, "मावशी, मग तुम्ही सांगितलंत कशाला? विक्रम तुमचाच राहिला असता."

"राहिला असता," मावशी म्हणाल्या. "कपाटात ठेवलेल्या साडीसारखा. नेसायची कधी?"

कर्णधाराने कप खाली ठेवला. "दोन षटकं देते. जा."

मावशी परतल्या त्या जवळजवळ धावतच. गडी बाद दोनच्या जागी त्यांनी दोनच्याच आकड्याच्या माझ्या बहिणीला टांगलं. मला बाहीने स्वच्छ पुसून मांडीवर घेतलं. एकशे बहात्तर, म्हणजे शेवटचा आकडा मी! आयुष्यभर मी बारा, बत्तीस, बासष्ट असल्या फुटकळ धावसंख्यांना टांगून घेतलं होतं. आज मात्र सगळं मैदान माझ्याकडे बघणार होतं. लांब मानेसकट.

पहिला चेंडू चिमणीने अडवला. दुसरा सोडला. तिसऱ्याला ती पुढे आली, आणि काय सांगू, चेंडू गवतावरून सळसळत थेट आमच्याकडे आला आणि फलकाच्या पायथ्यावर थाडकन आदळला.

चौकार. एकशे चौऱ्याहत्तर.

मावशी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं बाई, तुझं राहिलंच की!" असं म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि चारची पाटी उचलली. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण मग फटीतून पाहिलं तर खेळपट्टीवरून चिमणी फलकाकडे बॅट उंचावत होती. लोकांना वाटलं आकड्याला दाखवतेय. मावशी फळीवर उभ्या राहिल्या, फलकाच्या वरून त्यांचं डोकं बाहेर आलं, आणि त्यांनी दोन्ही हात हलवले.

पुढच्या वर्षी छापील यादीत दोन ओळी सुधारल्या. वर चिमणीची, खाली मावशींची, पुऱ्या नावानिशी. साक्षीचं पत्र त्या व्यवस्थापक बाईने आपल्या देशातून पाठवलं होतं.

मग दिव्यांचा फलक आला, लाकडी मोडला. बहिणी भंगारात गेल्या. मला मावशींनी पिशवीत घालून नेलं.

हल्ली मी एका शाळेमागच्या सरावाच्या जाळीत असते, तारेने बांधलेली. मावशी सकाळी तिथे मुलींना शिकवतात. मुली माझ्यावर नेम धरून चेंडू टाकतात. मला पोचे आलेत, रंग उडालाय, पाऊस लागला की कडा गंजतात. पण तक्रार म्हणाल तर नाही. एकच मागणं आहे: नवी पाटी आणायच्या भरात मला लवकर सोडवू नका.

परवा एक नवीन पोरगी आली, जेमतेम यष्टीएवढी. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, ते काय लिहिलंय?"

"लावायची राहून गेलेली पाटी आहे ती," मावशी म्हणाल्या. "तू तिच्यावर नेम धर. आणि कोपर सरळ, गं, कोपर!"

ती बघा, धावत येतेय. आता गप्प बसते.