पोटाची गोळी आणि सावलीबाबा

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावर सावलीबाबा माइक गिळायचा बाकी ठेवून बोलत होते, "बाळांनो, थकवा म्हणजे काय? तुमची सावली पळाली! ती पळाली की हात उचलत नाही, पोटचं पोरही परकं वाटतं. मी तिला परत बोलावतो!" पळालेली सावली कुठं राहते, जेवते काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचणार कसं? पुरावा मंचावर उभा होता.

पुरावा म्हणजे कॉलरवाली. कपड्यांच्या कारखान्यात ती दिवसाला तीनशे कॉलर शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिचे हात मंदावले, चेहरा दगडासारखा झाला. मशीनसमोर ती नुसती सुईकडे बघत राहायची. रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं. आरशात आपल्या जागी कुणी दुसरीच बाई राहायला आलीय असं तिला वाटे, आणि त्या बाईची तिला भीती वाटायची. बाबांनी मंतरलेलं पाणी दिलं, घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या मंचाजवळ ठेवलेल्या पिंपात टाकायला लावल्या, आणि दोन महिन्यांत कॉलरवाली गुणगुणत शिवू लागली.

मग तिनं धाकट्या बहिणीला भरीला पाडलं. बहीण नैराश्यावरच्या गोळ्यांनी हळूहळू सावरत होती.

"माझ्याकडे बघ ना," कॉलरवाली म्हणाली, "अजून काय पुरावा हवा तुला?"

बहिणीनं गोळ्या पिंपात टाकल्या.

तिसऱ्या आठवड्यात बहीण भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसली. केस चार दिवसांत विंचरलेले नव्हते. "ताई, उठून काय करू? मी नसले तर तुमचं ओझं तरी कमी होईल." आरशातली ती बाई आता बहिणीच्या तोंडून बोलत होती.

कॉलरवाली औषधवाल्या काकूंच्या दुकानात धावली. काकूंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा तिला. क्षणभरही एकटी सोडू नकोस."

बहिणीचे उपचार पुन्हा सुरू झाल्यावर कॉलरवाली काकूंसमोर येऊन बसली. "मग मी कशी बरी झाले?"

"तू पिंपात काय टाकलंस?"

"पोटफुगीची गोळी. दुसरी नव्हतीच."

काकूंचा चेहरा उतरला. "डॉक्टरांनी पंधरा दिवसांची लिहिली होती. तू रिकामं पाकीट दाखवायचीस, मी भरलेलं द्यायचे. दोन वर्षं! चुकलं गं माझं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. काही करावंसं वाटणं, उठून कामाला लागणं, यात त्याचा मोठा वाटा. ही गोळी पोटाला बरी, पण काहींच्या मेंदूत ती डोपामाइनची वाट अडवते. माणूस मंदावतो, विझतो. गोळी थांबली आणि तू परत आलीस. तुझ्या बहिणीची गोळी मात्र तिला सावरत होती."

"आणि बाबा?"

"बाबा कसला! औषध कंपनीचा विक्रेता होता तो, माझ्याच काउंटरवर बॅग घेऊन यायचा, हीच गोळी खपवायला. तिचे परिणाम त्याला पाठ आहेत."

कॉलरवालीला आठवलं, नाव नोंदवताना पहिलाच प्रश्न होता, पोटाची गोळी घेता का? नाही म्हणणारा कुणीच कधी मंचावर दिसला नव्हता.

पुढच्या सभेत बाबांनी तिला हौसेनं पुढं बोलावलं. तिनं माइक हातात घेतला. "बाबा, तुम्ही आधी औषधं विकायचात ना? पोटाच्या गोळीचं का विचारता, सांगा सगळ्यांना."

"हिची सावली पुन्हा पळाली!" बाबा ओरडले, पण आवाज चिरकला.

"मी बरी झाले हे खरं," ती लोकांकडे वळली. "का बरी झाले, हे मी विचारलं नाही. त्यापायी माझी बहीण मरणाच्या दारापर्यंत गेली. गोळी मनानं सुरू ठेवू नका, मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा. आणि गुण आला, तरी तो कशानं आला ते विचारा!"

टाळ्या पडल्या नाहीत. लोक खाली मान घालून एकेक करून उठले.

बहीण अजून कमी बोलते, आणि ती भिंतीकडे वळली की कॉलरवाली तिच्याशेजारी जाऊन बसते. उपचारांच्या पाचव्या आठवड्यात एका सकाळी बहीण आपणहून उठली आणि केस विंचरू लागली. चमत्कार हा शब्द कॉलरवालीच्या ओठांवर आला होता. तो तिनं गिळला आणि डॉक्टरांना सांगायला तारीख लिहून ठेवली.